लागण, विटाळ आणि गेरासिमचे खांदे

साने गुरुजी म्हटलं की आपल्याला 'श्यामची आई' आठवते. पण अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात शिकलेल्या याच माणसाने टॉल्स्टॉयचा कलाविषयक ग्रंथ 'कला म्हणजे काय?' या नावाने मराठीत आणला. त्या ग्रंथातल्या एका शब्दाबद्दल आज आम्हांला बोलायचं आहे.

१८९७-९८च्या या ग्रंथात टॉल्स्टॉय सांगतो की कलावंताने अनुभवलेली भावना रसिकाला 'लागते'. त्याचा रशियन शब्द आहे 'झराझेनिये', म्हणजे रोगाची होते तीच लागण. शब्द वैद्यकातला, विषय कलेचा आणि कसोटी धर्माची: माणसांना एकमेकांशी जोडणारी भावना जिच्यातून लागते, ती कला चांगली. या कसोटीवर त्याने बीथोव्हनची नववी सिंफनी नापास केली, आणि दोन कथा वगळून स्वतःचं ललित लेखनही.

म्हणजे 'इव्हान इलिचचा मृत्यू'सुद्धा बाद! ही दीर्घकथा १८८६ची. त्याच वर्षी आपल्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या. कथेतले डॉक्टर मूत्रपिंड की आंत्रपुच्छ याचा खल करतात. 'मी वाचणार का?' या रोग्याच्या प्रश्नाला उत्तर कोणी देत नाही. गेरासिम नावाचा तरुण नोकर मात्र त्याचं मलपात्र उचलतो, त्याचे पाय रात्र-रात्र स्वतःच्या खांद्यांवर धरून बसतो. सगळ्यांनाच मरायचंय, मग एवढं करायला काय हरकत, असा त्याचा साधा हिशेब.

आमचा आक्षेप इथे आहे. कथा वाचून आपल्याला इव्हानचं दुखणं लागत नाही. आपण गेरासिमच्या जागी जाऊन बसतो, निदान बसावंसं वाटतं. आपल्याकडे अभिनवगुप्ताने हे बरोबर ओळखलं होतं: नाटकातला शोक प्रेक्षकाला जसाच्या तसा होत नाही, त्याचं रूप पालटतं. लागणीच्या सिद्धांतात या पालटाला जागाच नाही. टॉल्स्टॉयची कथा त्याच्या सिद्धांतापेक्षा शहाणी आहे.

चेकॉव्ह स्वतः डॉक्टर. त्याच्या 'वॉर्ड नं. ६'मधला (१८९२) डॉक्टर रागिन मनोरुग्णाला ऐकवतो की उबदार अभ्यासिका आणि हा वॉर्ड यांत फरक नाही, समाधान माणसाच्या आत असतं. पुढे त्यालाच तिथे कोंडतात, पहारेकरी ठोसे मारतो, आणि तत्त्वज्ञान संपतं. आम्हां तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांना ही कथा टोचते, टोचायलाच हवी.

आता धर्माकडे येऊ. स्पर्शाने काहीतरी 'लागतं' ही भीती आपल्या समाजाने विटाळ म्हणून शतकानुशतकं जोपासली. मलपात्र कोणी उचलायचं हे इथे जन्माने ठरत होतं. म्हणून गेरासिमचं कौतुक करताना मराठी वाचकाने जरा थांबावं. टॉल्स्टॉय त्याला कधी थकू देत नाही, चिडू देत नाही. सेवा त्याच्या वाट्याला आली कशी, हेही विचारत नाही. शेतकऱ्याला संत केलं की मालकाची सुटका होते.

गुरुजींनी मात्र हा प्रश्न टाळला नाही. मे १९४७मध्ये विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुलं व्हावं म्हणून ते पंढरपुरात उपोषणाला बसले. बंधुभावाची लागण पुस्तकातून होईल, एवढ्यावर ते विसंबले नाहीत. टॉल्स्टॉयच्या ग्रंथावरची सर्वांत नेमकी मराठी टीका आम्हांला या कृतीत दिसते.