अव्याख्येयतेचा आडोसा : चेकॉव्हच्या 'प्रेमाविषयी' या कथेसंबंधी

अँटन चेकॉव्हची 'प्रेमाविषयी' ही कथा १८९८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातील अल्योहिन हा सुशिक्षित जमीनदार आपली कहाणी सांगण्यापूर्वी एक सिद्धान्त मांडतो. प्रेम हे मोठे गूढ आहे, एवढेच त्याच्या मते निर्विवाद. बाकी जे लिहिले-बोलले गेले ती केवळ प्रश्नांची मांडणी. म्हणून वैद्य रोग्याचा करतात तसा प्रत्येक उदाहरणाचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे. चेकॉव्ह स्वतः वैद्य असल्याने ही भूमिका लेखकाचीच मानण्याचा आणि 'प्रेम अव्याख्येय आहे' या विधानात कथेचा आशय संपला असे समजण्याचा मोह होतो. कथेची रचना मात्र या विधानाला दुजोरा देत नाही. ती त्याची कसोटी घेते.

सिद्धान्ताला निमित्त होते ते पेलागेया या मोलकरणीचे. दारुड्या, मारहाण करणाऱ्या निकानोर या आचाऱ्यावर तिचे प्रेम आहे. तिला लग्नाविना राहणे चालेल. धर्मभीरू निकानोरला ते चालत नाही. सुंदर पेलागेयाने हाच पुरुष का निवडावा, हा प्रश्न मालक पाहुण्यांसमोर ठेवतो आणि तिला तिथेच सोडून स्वतःकडे वळतो. तिचे दुःख चर्चेचा विषय होते; तिचे म्हणणे मात्र कोणी विचारीत नाही. प्रत्येक उदाहरण वेगळे मानावे असे सांगणाऱ्याने पहिलेच उदाहरण असे अर्ध्यावर टाकावे, यातील विसंगती अर्थपूर्ण आहे.

हीच विसंगती त्याच्या स्वतःच्या कहाणीत अधिक गडद होते. मॉस्कोतील विद्यार्थिदशेत त्याच्यासोबत राहणारी स्त्री मिठीत असतानाही महिन्याचा खर्च आणि गोमांसाचा भाव यांचा हिशेब करी, असे तो उपहासाने सांगतो. पुढे लुगानोविचची पत्नी आन्ना अलेक्सेयेव्हना हिच्यावर त्याचे प्रेम जडते, तेव्हा तोही हिशेबच करतो. तिला आपण कोठे नेणार? आपले आयुष्य थोरामोठ्यांचे असते तर गोष्ट वेगळी. हे तर एका सामान्य संसारातून दुसऱ्या तितक्याच सामान्य संसारात नेणे. आपण आजारी पडलो वा मेलो तर तिचे काय? भावाचे आकडे तेवढे बदलले आहेत. हे प्रश्न खोटे नाहीत. त्यांत सभ्यता आहे, लुगानोविचविषयीचा आदर आहे. तथापि ते कोणत्याही विवाहितेविषयी विचारता येतील असे सर्वसामान्य प्रश्न आहेत. ज्या पृथगात्मतेचा तो पुरस्कार करतो, ती आन्नाच्या वाट्याला येत नाही.

प्रेम प्रत्यक्षात दिसते ते या विचारांच्या बाहेर : त्याने उचललेल्या तिच्या पुडक्यांत, नाट्यगृहात एकमेकांना लागणाऱ्या खांद्यांत आणि पुढे तिच्या चिडचिडेपणात. त्याच्या हातून काही पडले की ती थंडपणे त्याचे अभिनंदन करते. व्याख्येला जे सापडत नाही ते या तपशिलांनी आधीच सांगून टाकलेले असते. क्रिमियाला निघालेल्या आन्नाची विसरलेली टोपली फळीवर ठेवण्यासाठी तो डब्यात धावतो आणि तेथे प्रेमाची कबुली घडते. वर्षानुवर्षांच्या चिंतनाला जे साधले नाही ते एका टोपलीने साधते. तेही तिसऱ्या घंटेला क्षणभरच उरला असताना.

त्यानंतर अल्योहिनला उमगते की प्रेमाचा विचार करायचा तर सुखदुःख, पापपुण्य यांहून उच्च अशा भूमीवरून करावा. नाहीतर करूच नये. उमज खरी आहे, पण तीही एक सामान्य विधानच आहे. सर्वसामान्य विधानांना नाकारून निघालेला निवेदक शेवटी दुसऱ्या विधानापाशी येऊन थांबतो. त्यामुळे कथेचा रोख प्रेमाच्या अव्याख्येयतेवर नसून त्या अव्याख्येयतेचा आडोसा घेणाऱ्या मनावर आहे, असे म्हणावे लागते.

शेवटी पाऊस थांबतो, ऊन पडते. श्रोते सज्जातून बाग आणि तळे पाहतात, अल्योहिनच्या वाया जाणाऱ्या आयुष्याविषयी हळहळतात. दोघांनीही आन्नाला शहरात पाहिलेले होते. बुर्किनची तर तिच्याशी ओळख होती आणि ती त्याला सुंदर वाटली होती. पेलागेयाच्या वाट्याला आलेला 'सुंदर' हा शब्द असा आन्नाच्याही वाट्याला येतो. त्यापलीकडे या दोन स्त्रियांना प्रेम म्हणजे काय वाटले असेल, हा प्रश्न त्या घरात कोणी विचारीत नाही. तो वाचकाकडे येतो.