लॅप स्टीलच्या पिकअपचे इलेक्ट्रिक गिटारवरील पुनर्रोपण: एक चिकित्सा

प्रस्तावना

वाद्याचा आवाज वाद्याच्या नेमक्या कोणत्या भागात असतो, हा प्रश्न संगीतसमीक्षेला नवा नाही. तंबोऱ्याविषयी बोलताना आपण जवारीचे महत्त्व सांगतो. परंतु जवारी साधलेली घोडी दुसऱ्या एखाद्या भोपळ्यावर ठेवली म्हणजे तोच तंबोरा वाजू लागेल, असे कोणी म्हणत नाही. इलेक्ट्रिक गिटारच्या जगात मात्र असे म्हटले जाते. १९३० ते १९६० या काळातील जुनी लॅप स्टील गिटार उघडावी, तिचे पिकअप काढावे, ते स्ट्रॅटोकास्टर वा टेलिकास्टर घाटाच्या गिटारला बसवावे आणि त्यातून ‘तो’ आवाज मिळवावा, अशी एक प्रथा गेल्या काही दशकांत पाश्चात्त्य गिटारवादकांत रूढ झाली आहे. प्रस्तुत लेखात या प्रथेची सांगीतिक व सांस्कृतिक अंगांनी चिकित्सा करावयाची आहे.

लॅप स्टील म्हणजे मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून पोलादी दांडी सरकवीत वाजवायची गिटार. आपल्याकडे ती ‘हवाईयन गिटार’ या नावाने परिचित आहे. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याच्या सान्निध्यात बसविलेले तांब्याच्या अतिसूक्ष्म तारेचे वेटोळे. पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्रात बदल होतो, विद्युत् चुंबकीय प्रवर्तनाने वेटोळ्यात क्षीण विद्युत्दाब निर्माण होतो आणि तो वर्धकाकडे जातो. यंत्ररचना एवढीच आहे. तिच्याभोवती जे मूल्यभान उभे राहिले आहे, ते मात्र तपासून पाहण्याजोगे आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

लॅप स्टीलचे पिकअप गिटारला बसविणे ही अलीकडची कल्पकता आहे, असा समज आढळतो. वस्तुतः इलेक्ट्रिक गिटारचा जन्मच या देवघेवीतून झालेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाई बेटांवर जोसेफ केकुकू यांच्या नावाशी जोडली गेलेली ही वादनपद्धती सॅन फ्रान्सिस्को येथील १९१५ च्या पनामा-पॅसिफिक प्रदर्शनानंतर अमेरिकेत कमालीची लोकप्रिय झाली. वाद्यवृंदात गिटारचा आवाज दबून जाई. त्यावर उपाय शोधताना जॉर्ज बोशाँ यांनी १९३१ मध्ये विजेवर चालणाऱ्या गिटारचा नमुना सिद्ध केला व ॲडॉल्फ रिकनबॅकर यांच्या सहकार्याने १९३२ पासून तिचे उत्पादन सुरू झाले. तळणीच्या तव्यासारख्या आकारामुळे ‘फ्राइंग पॅन’ म्हणून ओळखले जाणारे हे वाद्य लॅप स्टील होते. त्याच्या पिकअपमध्ये नालाच्या आकाराचे दोन चुंबक तारांना वरून कवेत घेत आणि वेटोळे तारांखाली असे. या रचनेचे एकस्व १९३७ मध्ये मंजूर झाले.

पुढील टप्पे याहून बोलके आहेत. गिब्सन कंपनीत वॉल्टर फुलर यांनी घडविलेले पट्टीचे पिकअप १९३५ च्या सुमारास प्रथम हवाईयन गिटारवर आले आणि १९३६ मध्ये तेच ‘ईएस-१५०’ या स्पॅनिश पद्धतीच्या, म्हणजे अंगाशी धरून वाजवायच्या, गिटारवर गेले. १९३९ मध्ये बेनी गुडमन यांच्या वृंदात दाखल झालेल्या चार्ली ख्रिश्चन यांनी या गिटारवर जॅझमधील एकल गिटारवादनाला रूप दिले. परिणामी, हवाईयन गिटारसाठी जन्मलेले पिकअप आज ‘चार्ली ख्रिश्चन पिकअप’ या नावाने ओळखले जाते. लिओ फेंडर यांनीही आरंभी लॅप स्टीलच बनविल्या. त्यांच्या ‘चॅम्पियन’ या लॅप स्टीलच्या पिकअपमधूनच १९५० च्या ‘ब्रॉडकास्टर’चे, म्हणजे पुढील ‘टेलिकास्टर’चे, घोडीजवळचे पिकअप विकसित झाले. रिकनबॅकरने तर १९५४ मध्ये आपल्या ‘कॉम्बो’ गिटारवर व १९५७ मध्ये ‘४०००’ या बेस गिटारवर नालचुंबकी पिकअपच बसविले.

यावरून असे दिसते की, लॅप स्टीलचे पिकअप इलेक्ट्रिक गिटारला परके नाही. ते तिच्या पूर्वजाचे आहे. या पूर्वजाला गिटारच्या इतिहासात बहुधा एका परिच्छेदाची जागा मिळते आणि बाजारात त्याची किंमत पुष्कळदा त्याच्या पोटातील सुट्या भागावरून ठरते. लेखाच्या उत्तरार्धात ज्या प्रश्नाकडे यावयाचे आहे, त्याचे मूळ या विसंगतीत आहे.

राय कूडर यांचा प्रयोग

या प्रथेला प्रतिष्ठा मिळाली ती राय कूडर (जन्म १९४७) यांच्या गिटारमुळे. त्यांनी आपल्या स्ट्रॅटोकास्टरला घोडीजवळ शिकागोच्या व्हॅल्को कंपनीने बनविलेल्या लॅप स्टीलचे पिकअप आणि मानेजवळ टेइस्को या जपानी कंपनीचे सोनेरी पत्र्याचे पिकअप बसविले. चाहत्यांनी या वाद्याला ‘कूडरकास्टर’ असे नाव दिले. व्हॅल्को ही सुप्रो, नॅशनल, ओआहू अशा अनेक नावांनी वाद्ये पुरविणारी कंपनी १९६८ मध्ये बंद पडली. तिच्या लॅप स्टील प्रामुख्याने शिकाऊ वादकांसाठी होत्या व दीर्घकाळ त्या स्वस्तात मिळत. या पिकअपचा आवाज भरदार, मध्यसप्तकाकडे झुकलेला आणि तरीही छेडलेल्या तारेची धार राखणारा असतो.

कूडर यांच्या प्रयोगाचे यश सामान्यतः या पिकअपच्या पदरात टाकले जाते. हा निष्कर्ष अपुरा आहे. कूडर हे प्राधान्याने बोटात नळी घालून तारांवर घसरत जाणारे वादक आहेत. ते खुल्या स्वरजुळणीत वाजवितात. नळी पडद्यांवर आपटू नये म्हणून अशा वादनात तारा उंच ठेवाव्या लागतात. शिवाय लॅप स्टीलचे मर्मज्ञ डेव्हिड लिंडली हे त्यांचे दीर्घकालीन सहवादक होते. म्हणजे कूडर यांनी केवळ लॅप स्टीलचा भाग उचलला नाही. तिची मींड, तिच्या तारांची उंची, तिचा संथ श्वास हे सारे वादनपद्धतीच्या रूपाने त्यांच्या गिटारमध्ये अगोदरच होते. त्या पिकअपला नव्या वाद्यात जुनेच वातावरण मिळाले. जलद गतीने पडदे दाबून वाजविणाऱ्या वादकाने तेच पिकअप बसविले, तर त्याला उत्तम आवाज मिळेलही. पण तो लॅप स्टीलचा आवाज असेलच असे नाही.

आवाज भागात की संबंधात?

या विधानाला ध्वनिशास्त्राचा आधार आहे. तारेच्या कंपनात मूळ स्वरासोबत अनेक उपस्वर असतात आणि पिकअप ज्या बिंदूखाली आहे, तेथे ज्या उपस्वराचा निस्पंद येतो, तो उपस्वर पिकअपला ऐकू येत नाही. ‘फ्राइंग पॅन’च्या ए-२२ या प्रकारात तारेची कंपनलांबी २२.५ इंच आहे. फेंडर गिटारची २५.५ इंच. पिकअप घोडीपासून दीड इंचावर आहे असे मानल्यास, मोकळ्या तारेवर पहिल्या वाद्यात ते तारेच्या पंधराव्या हिश्शावर, तर दुसऱ्यात सतराव्या हिश्शावर येते. गाळला जाणारा उपस्वर बदलतो. हा फरक एकटा पाहिल्यास लहान आहे. परंतु तारांची जाडी व ताण, लाकडी वा धातूचे अंग, दांडी की बोट, असे अनेक फरक त्यात मिसळतात.

बसविण्याच्या कामातील अडचणींतूनही हेच दिसते. लॅप स्टीलमध्ये तारा पट्टीपासून बऱ्याच उंच असतात. गिटारमध्ये त्या खाली येतात, पडदा दाबला की आणखी खाली जातात. अशा वेळी बलवान चुंबक तारेला खेचून धरतो, स्वर किंचित बेसूर होतो आणि आस लवकर विरते. नालचुंबकाची वरची कमान ठेवली, तर उजव्या हाताच्या तळव्याला घोडीजवळ टेकायला जागा उरत नाही. ती काढली, तर चुंबकीय क्षेत्राची घडणच बदलते आणि ज्या गुणासाठी खटाटोप केला, त्यालाच धक्का लागतो. तारांमधील अंतर जुळत नाही, म्हणून कडेच्या तारा दबक्या ऐकू येण्याचा संभव असतो. आवाजाच्या बटणाखालील रोध २५० हजार ओहम आहे की ५०० हजार ओहम, यावरही वरच्या उपस्वरांची चमक अवलंबून असते. दोन पिकअप एकत्र वाजविताना त्यांची कला विरुद्ध असली, तर आवाज पोकळ होतो.

आणखी एक मुद्दा दुर्लक्षित राहतो. जुन्या पोलादी चुंबकांचे बल कालांतराने क्षीण होऊ शकते. रिकनबॅकरचे नालचुंबक महायुद्धापूर्वी दीड इंच रुंद होते, ते युद्धोत्तर काळात सव्वा इंचाचे झाले. म्हणजे ‘१९३० च्या दशकातील अस्सल आवाज’ म्हणून आज जे ऐकले जाते, ते त्या दशकात ऐकले गेले होतेच असे नाही. संदर्भातून तोडलेले अवतरण मूळ अर्थ जसाच्या तसा देत नाही, हे साहित्याच्या अभ्यासकास सांगावयास नको. पिकअपलाही तोच न्याय लावावा लागतो.

भारतीय श्रोत्याचा दृष्टिकोन

हवाईयन गिटार आपल्याकडे सुटा भाग म्हणून आली नाही, हे येथे नोंदविणे अप्रस्तुत ठरणार नाही. व्हॅन शिप्ले यांनी हिंदी चित्रपटगीतांच्या धून इलेक्ट्रिक गिटारवर घराघरांत पोहोचविल्या. ब्रिजभूषण काब्रा यांनी तिला रागसंगीतात आणले. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्यासमवेत त्यांची गिटार आहे. विश्वमोहन भट्ट यांनी तिला तरफांची जोड देऊन मोहनवीणा घडविली. भट्ट व राय कूडर यांच्या ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ (१९९३) या ध्वनिमुद्रिकेस १९९४ मध्ये ग्रॅमी पुरस्कार लाभला. तेथे ना लॅप स्टीलचे पिकअप आहे ना कूडरकास्टर. तरीही दोघांच्या सरकत्या स्वरांतील नाते प्रथम श्रवणातच जाणवते. ते नाते हातांच्या संस्कारातून आलेले आहे.

विघटनाचा प्रश्न

कूडर यांच्या गिटारची कीर्ती पसरली, तशी व्हॅल्कोच्या लॅप स्टीलची आणि टेइस्कोच्या स्वस्त गिटारची मागणी वाढली. अनेक वाद्ये वाजविण्यासाठी नव्हे, तर उघडण्यासाठी विकत घेतली जाऊ लागली. एकेकाळी याच वाद्यांवर सामान्य कुटुंबांतील मुले ओआहू कंपनीच्या पाठमालेतून गिटार शिकली होती. संग्रहालयांना महागडी वाद्ये जपावीशी वाटतात. शिकाऊ वाद्ये जपण्याची जबाबदारी कोणाचीच नसते. त्यामुळे प्रत्येक विघटनाबरोबर सामान्य माणसांच्या संगीतशिक्षणाचा एक पुरावा नाहीसा होतो.

यावर असा प्रतिवाद होऊ शकतो की, पडून राहिलेल्या वाद्यापेक्षा वाजणारे पिकअप बरे. या प्रतिवादात तथ्य आहे. अंग फुटलेल्या, मान वाकलेल्या वाद्याचे पिकअप दुसरीकडे वाजू लागले, तर तो त्याचा पुनर्जन्मच होय. परंतु वाजू शकणारे वाद्य मोडण्यास हा युक्तिवाद पुरेसा नाही. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातील जेसन लोलर यांच्यासारखे कारागीर जुन्या लॅप स्टीलच्या पिकअपच्या धर्तीवर नवी पिकअप गिटारच्या मापात करून देतात. आवाज जर मुख्यतः संबंधातून घडतो, तर योग्य तारा, योग्य उंची व योग्य हात यांच्यासह असे नवे पिकअप वादकाची गरज बहुतांशी भागवू शकते. ज्याला जुनेच पिकअप हवे, त्याने ते अगोदरच वाद्यापासून विलग झालेले घ्यावे आणि गिटारचे लाकूड न कोरता, परत काढता येईल असे बसवावे.

निष्कर्ष

लॅप स्टीलच्या पिकअपचे पुनर्रोपण ही इलेक्ट्रिक गिटारच्या इतिहासाशी सुसंगत अशी कृती आहे. म्हणून ती सरसकट निषिद्ध ठरविता येत नाही. मात्र आवाज त्या भागातच साठविलेला आहे ही धारणा ध्वनिशास्त्राच्या व वादनाच्या कसोटीवर टिकत नाही. कूडर यांचे यश पिकअप, वादनपद्धती आणि श्रवणसंस्कार यांच्या मेळाचे यश आहे. आंब्याचे कलम करताना फांदी घेतली जाते, मूळ झाड उभे राहते. गिटारच्या कारागिरांनी व वादकांनी हा साधा नियम पाळला, तर नव्या वाद्याला हवा तो आवाज मिळेल आणि ज्या हवाईयन वाद्यामुळे इलेक्ट्रिक गिटार अस्तित्वात आली, ते वाद्यही पुढील पिढ्यांना वाजविता येईल. समीक्षकांनीही गिटारच्या आवाजाविषयी लिहिताना लॅप स्टीलची नोंद सुट्या भागांच्या यादीत न करता वाद्यपरंपरेत करणे आवश्यक आहे.