पुस्तकातला कोड आणि ऊसतोडीला गेलेले मूल

धारूर तालुक्यातल्या एका शाळेत चंद्राच्या कलांचा तास पाहण्याचा योग आला. गुरुजींनी मोबाईलवर एक चित्रफीत लावली आणि मोबाईल उंच धरून ते रांगांमधून फिरले. मधोमध पृथ्वी, तिच्याभोवती फिरणारा चंद्र, एका बाजूने येणारा सूर्यप्रकाश. चित्रे नेटकी, निवेदन स्पष्ट. चित्रफीत संपल्यावर मी विचारले, "अमावास्येला चंद्र का दिसत नाही?" बरेच हात वर आले आणि बहुतेकांचे उत्तर एकच होते: "पृथ्वीची सावली पडते म्हणून."

मुलांचे लक्ष नव्हते असे नाही. चित्रफितीत चंद्र वरून, अवकाशातून दाखवला होता; मूल मात्र त्याच्याकडे अंगणातून पाहते. ही दोन दृश्ये एकमेकांशी जोडणे हेच इथले खरे शिकणे, आणि नेमके तेच पडद्यावर झाले नव्हते. अंधाऱ्या खोलीत एक दिवा, हातात चेंडू आणि स्वतःभोवती हळूहळू फिरणारे मूल एवढ्यावर ते होते. (चेंडू डोक्यापेक्षा थोडा वर धरायला सांगा. नाहीतर डोक्याचीच सावली त्यावर पडते आणि चुकीची समजूत आणखी पक्की होते!)

डेरेक म्युलर यांनी सिडनी विद्यापीठातल्या आपल्या २००८ च्या पीएच.डी. प्रबंधात भौतिकशास्त्राच्या चित्रफितींबाबत असेच काही तपासले होते. विषय सरळ समजावून सांगणारी चित्रफीत विद्यार्थ्यांना सोपी आणि स्पष्ट वाटली, पण चाचणीतले गुण जेमतेम वाढले. दुसऱ्या चित्रफितीत आधी चुकीची समजूत मांडून मग तिची उलटतपासणी केली होती. ती विद्यार्थ्यांना गोंधळाची वाटली. गुण मात्र तिनेच वाढवले.

हे लक्षात ठेवून आपल्या पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडकडे पाहायला हवे. 'दीक्षा' हे व्यासपीठ २०१७ मध्ये सुरू झाले, बालभारतीच्या पुस्तकांत कोड आले, अनेक शिक्षकांनी मेहनतीने साहित्य तयार केले. यातले काही चांगलेच आहे. पण मी पाहिलेल्यांपैकी बऱ्याच चित्रफिती धडा पुन्हा सांगतात, किंवा वर्गात सहज करता येईल असा प्रयोग करून दाखवतात. म्हणजे जे गुरुजी करू शकतात तेच पडदा करतो, आणि मुलांचे हात रिकामे राहतात. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी कोड वापरले तेव्हा गोष्ट वेगळी होती. तिथल्या मुलांची घरची भाषा कन्नड, पुस्तकाची वेगळी. ती अडचण समोर ठेवून साहित्य तयार झाले होते. कोड राज्यभर गेला. पण "माझ्या वर्गाची अडचण कोणती?" हा प्रश्न त्याच्याबरोबर गेला असे वाटत नाही. उच्च शिक्षणातही विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या मसुद्याने चर्चा सुरू केली ती टक्केवारीची: अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन. कोणता भाग आणि कोणासाठी, हे त्या आकड्यातून कळत नाही.

बीड जिल्ह्यात तरी "कोणासाठी" याचे उत्तर शोधावे लागत नाही. दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात, त्या मार्च-एप्रिलमध्ये परततात. काही मुले आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. बाकीची आईवडिलांबरोबर जातात आणि कोपीवर धाकट्या भावंडाला सांभाळतात. शाळेचे दुसरे सत्र जवळजवळ पूर्ण बुडते. त्यांना चित्रफिती पाठवा, असे सुचवले जाते. पण घरातला मोबाईल बापाबरोबर पहाटेच फडात गेलेला असतो, आणि पाठवलेला धडा पाहिला की नाही हे विचारायला जवळ कोणी नसते.

मग वेगळा प्रश्न विचारून पाहू. वर्गाजवळ नाही असे त्या मुलाजवळ काय आहे? ते मूल शाळेपासून दोन-अडीचशे किलोमीटर दक्षिणेला आहे! एराटोस्थेनिसने पृथ्वीचा परीघ काढला तो दोन ठिकाणच्या सूर्यकिरणांच्या कोनांवरून. बीडच्या वर्गाला दुसरे ठिकाण ऊसतोडीने आपोआप दिले आहे.

समजा, टोळी कोल्हापूरजवळ आहे. २२ डिसेंबरच्या सुमारास बीडमध्ये १ मीटर उंच उभ्या काठीची मध्यान्हीची सावली सुमारे ९१ सेंटिमीटर भरेल, कोल्हापुरात सुमारे ८४. सात सेंटिमीटरचा फरक साध्या टेपनेही कळतो. कोपीवर काठीसाठी उसाचा सरळ तुकडा चालेल. तो उभा आहे का हे दोऱ्याला दगड बांधून पाहायचे. सव्वाबारा ते पाऊणपर्यंत दर पाच मिनिटांनी सावली मोजायची आणि सर्वांत लहान माप घ्यायचे. कोल्हापुरात ते बीडपेक्षा सुमारे सहा मिनिटे उशिरा मिळेल. त्याचे कारण मुलांनाच शोधू द्यावे. संध्याकाळी मोबाईल कोपीवर परतला की मुलाने फोन करून फक्त एक आकडा सांगायचा. इंटरनेट लागत नाही.

पुढचे काम वर्गात. काठी आणि सावली प्रमाणात काढून कोनमापकाने काठीच्या टोकाशी होणारे कोन मोजायचे: सुमारे ४२.४ आणि ४०.१ अंश. नकाशावरून दोन गावांमधले फक्त दक्षिणोत्तर अंतर काढायचे, रस्त्याचे नव्हे. ते २५४ किलोमीटरच्या आसपास येते. २.३ अंशांना २५४, तर ३६० अंशांना किती? उत्तर ४०,००० किलोमीटरच्या जवळ येते.

अर्थात, येईलच असे नाही. कोनांच्या फरकात अर्ध्या अंशाची चूक झाली तर उत्तर ३३ हजारांपासून ५१ हजारांपर्यंत कुठेही जाऊ शकते. म्हणून दोन्ही ठिकाणी एकाच दिवशी, आणि असे आठ-दहा दिवस मोजून सरासरी घ्यावी. त्यासाठी टोळी निघण्यापूर्वीच मुलाच्या दप्तरात शिक्षण हमी कार्डाबरोबर एक टेप, दोरा आणि शाळेचा फोन नंबर द्यावा लागेल, आणि रोज संध्याकाळी त्याच्या फोनची वाट पाहावी लागेल.