पावशेर तुपाचें ऋण

जुन्नर-आंबेगांवच्या मुलुखांत घाट, लेणीं आणि देवस्थानें इतकीं आहेत कीं, प्रवाशाचें लक्ष ओतूरकडे सहसा वळत नाहीं. तथापि मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकानें तेथें मांडवी नदीच्या कांठीं क्षणभर थांबावें. कपर्दिकेश्वराच्या देवळाजवळची समाधि बाबाजी चैतन्यांची, म्हणजे तुकोबांच्या गुरूंची, मानली जाते. या गुरुशिष्यांची भेट झाली ती मात्र स्वप्नांत. आणि त्या भेटीचा जो वृत्तान्त तुकोबांनीं एका अभंगांत दिला आहे, तो सचोटीचा नमुना म्हणून वाचण्याजोगा आहे.

वृत्तान्त साधा आहे. गंगास्नानास जातां वाटेंत सद्गुरु भेटले. त्यांनीं मस्तकावर हात ठेवला, राघव चैतन्य व केशव चैतन्य ही परंपरा आणि स्वतःचें बाबाजी हें नांव सांगितलें, व मंत्र दिला. माघ शुद्ध दशमी, गुरुवार, हा दिवसहि नमूद आहे. परंतु कवीनें आरंभच केला आहे तो आपल्या हातून कांहीं सेवा घडली नाहीं, या कबुलीनें. गुरूंनीं भोजनास पावशेर तूप मागितलें आणि तें देण्याचा आपणांस विसर पडला, असें तो सांगतो.

त्या काळीं गुरूपदेश ही केवढी प्रतिष्ठेची गोष्ट! ज्याच्या बोलण्याच्या अधिकाराविषयींच शंका घेतली जात होती, त्या देहूच्या वाण्यास तर तिची गरज फारच होती. भेट प्रत्यक्ष झाली असें त्यानें सांगितलें असतें, तर तें खोडून कोण काढणार होतें? तरीहि त्यानें स्वप्नास स्वप्नच म्हटलें, आणि ज्या स्वप्नास दुसरा साक्षीदार नव्हता, त्यांतील आपली चूकहि झांकली नाहीं.

यावर कोणी म्हणेल, हा संतांचा ठराविक विनय आहे. आम्हांस तसें वाटत नाहीं. 'मी पतित, मी पापी' असें मोघम म्हणण्यास फारसें मोल पडत नाहीं. उलट तसें म्हणणाराचा लौकिकच वाढतो. तुकोबांची कबुली मोघम नाहीं. तींत जिन्नस आहे आणि मापहि आहे. दुकानदारानें वहींत येणें-देणें लिहावें, तसें हें देणें त्यांनीं आपल्या नांवावर मांडून ठेवलें आहे.

याच जुन्नर तालुक्यांत नाणेघाटच्या गुंफेंत सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा ब्राह्मी लेख आहे. त्यांत राजकुळानें केलेल्या यज्ञांची आणि दक्षिणेंत दिलेल्या गाई, हत्ती, घोडे व कार्षापणें यांची मोजदाद आहे. इतिहासास त्या लेखाचें मोल मोठें आहे. परंतु तेथें नोंद आहे ती दिलेल्याची. तुकोबांनीं नोंदलें आहे तें द्यावयाचें राहिलेलें.

हाच स्वभाव त्यांच्या आत्मचरित्रपर अभंगांतहि दिसतो. दिवाळें निघालें, दुष्काळांत पहिली पत्नी अन्नावांचून गेली, लोकांत लाज वाटूं लागली, हें ते आडपडदा न ठेवतां सांगतात. आरंभीं आपलें चित्त अभ्यासांत नव्हतें, म्हणून संतांचीं वचनें पाठ केलीं आणि पुढें गाणाराच्या मागें ध्रुपद धरलें, हेंहि ते लपवीत नाहींत. आपलें उसनें असें उघडपणें सांगणाऱ्या कवीसच दुसऱ्याच्या कवितेवर आपलें नांव घालणाऱ्या सालोमालोवर रागावण्याचा अधिकार पोंचतो.

स्वप्नांतील भेट खरी कीं खोटी, याचा निवाडा टीकाकाराच्या हातीं नाहीं. सांगणारा कसा आहे, एवढेंच त्यास तपासतां येतें. आपल्या फायद्याच्या हकीकतींत आपलाच उणेपणा जो आपण होऊन घालतो, त्याच्या इतर शब्दांवर विश्वास ठेवावयास मन तयार होतें. तुकोबांची भाषा आजहि काळजाला भिडते, याचें एक कारण आम्हांस हेंच दिसतें.

१८६९ व १८७३ सालीं गाथा सरकारी साह्यानें दोन भागांत छापली गेली, आणि पुढें ती घरोघर आली. आपल्या मुलांस आपण तींतील उपदेशाचे अभंग पाठ करावयास लावतों. त्यांच्याबरोबर हा विसरलेल्या तुपाचा अभंगहि त्यांस अवश्य वाचून दाखवावा. खरें बोलावें असें सांगणारीं पुस्तकें पुष्कळ आहेत. तें बोलतांना माणूस कसा दिसतो, हें येथें पाहावयास मिळतें.