उंचीनकाशांची पाठचिकित्सा

गेल्या कांहीं वर्षांत इतिहाससंशोधनाच्या क्षेत्रांत एक नवें साधन शिरलें आहे. अंतराळांतून घेतलेले उंचीनकाशे व भूमीचीं छायाचित्रें आंतरजालावरून विनामूल्य उतरवून घ्यावयाचीं, खेळ रचण्याकरितां तयार झालेल्या संगणकप्रणालींत तीं भरावयाचीं, आणि डोंगर, खिंडी व किल्ले यांची हिंडतां-फिरतां येण्याजोगी प्रतिसृष्टि पडद्यावर उभी करावयाची, असा हा उद्योग आहे. राजगड-तोरण्याची रांग अशी पडद्यावर फिरूं लागली म्हणजे वृद्ध सभासदही खुर्चींत पुढें सरकून बसतात. या उद्योगास आमचा विरोध नाहीं. आमचा आक्षेप आहे तो त्याच्या पुढच्या पायरीस. अमुक बुरुजावरून अमुक घाट दिसत नाहीं, सबब बखरकार चुकला. अमुक सोंडेनें फौज उतरणें अशक्य, सबब पत्रांतील मजकूर संशयास्पद. अशीं विधानें या प्रतिसृष्टीच्या आधारें आतां होऊं लागलीं आहेत. कागदास खोटा ठरविण्यासाठीं जो साक्षीदार पुढें केला जातो, त्याची उलटतपासणी मात्र कोणी केलेली दिसत नाहीं.

जुनी पोथी हातीं आली म्हणजे आपण तिला कांहीं ठराविक प्रश्न विचारतों. ती कोणीं, केव्हां व कोणत्या मूळावरून उतरली? गळालेलीं पानें मागाहून कोणीं भरलीं? लेखकानें पाठ आपल्या मतें शुद्ध केला आहे काय? उंचीनकाशा हीही एक प्रतच होय, व हे सर्व प्रश्न तिला जसेच्या तसे लागू पडतात.

सर्वांत प्रचारांत असलेली प्रत घ्या. २००० सालच्या फेब्रुवारींत ‘एंडेव्हर’ या अमेरिकन अंतराळयानानें अकरा दिवसांच्या एका फेरींत रडारच्या योगें पृथ्वीची उंची मोजली. उत्तरेस ६० अंश व दक्षिणेस ५६ अंश यांच्या दरम्यानची भूमि तींत आली. भारतापुरते प्रथम सुमारें ९० मीटरांच्या चौकोनांचे आंकडे मिळत. सुमारें ३० मीटरांचे आंकडे जगास २०१४ पासून क्रमाक्रमानें खुले झाले. एका अंशाचें एक पान, व त्यावर ३६०१ ओळी आणि तितकेच स्तंभ, अशी त्याची मांडणी. ‘एन१८ई०७३’ हें एक पान उतरवून घेतलें कीं राजगड, तोरणा, सिंहगड, रायगड व लोहगड इतके सगळे त्यांत येतात. शेजारच्या दोन पानांवर कडेची ओळ सारखीच लिहिलेली असते. कांहीं हस्तलिखितांत पानाच्या शेवटचा शब्द पुढील पानाच्या आरंभीं पुन्हा लिहितात, त्याची आठवण व्हावी.

परंतु या प्रतींत भोंकें होतीं. रडारचा किरण तिरपा पडतो; त्यामुळें उभ्या कड्याच्या आड त्याची सावली पडते व तेथें मोजणीच होत नाहीं. अशा ठिकाणीं मूळ प्रतींत -३२७६८ हा आंकडा घातलेला असे, म्हणजे लेखकानें ‘येथें त्रुटित’ असें प्रामाणिकपणें लिहून ठेविलें होतें. पुढील आवृत्तींत हीं भोंकें भरून काढण्यांत आलीं. भरणीचा मोठा भाग ‘ॲस्टर’ या जपानी-अमेरिकन उपकरणाच्या छायाचित्रांवरून काढलेल्या, म्हणजे सर्वस्वीं निराळ्या रीतीच्या, उंचीनकाशांतून घेतलेला आहे. आतां हीं भोंकें मुख्यत्वें कोठें पडणार? जेथें कडे आहेत तेथें. आणि सह्याद्रींत जेथें कडे तेथेंच किल्ले. ज्या जागेविषयीं आपणांस प्रश्न विचारावयाचा, नेमक्या त्या जागीं दुसऱ्या हातचा मजकूर असण्याचा संभव अधिक. संपादकांचें श्रेय असें कीं, कोणत्या चौकोनाचा आंकडा कोणत्या मूळांतून आला हें दाखविणारें जोडपत्र त्यांनीं या आवृत्तीबरोबर प्रसिद्ध केलें आहे. प्रतिसृष्टीच्या एकाही कर्त्यानें तें उघडून पाहिल्याचें माझ्या ऐकिवांत नाहीं. भरणी मान्य, पण ती कंसांत दाखवावी, एवढाही नियम येथें पाळला जात नाहीं.

आपल्या देशाची प्रतही उपलब्ध आहे. ‘इस्रो’नें २००५ सालीं सोडलेल्या ‘कार्टोसॅट-१’ उपग्रहाच्या जोडचित्रांवरून केलेला उंचीनकाशा ‘भुवन’ या संकेतस्थळावर मिळतो. येथें माझीच एक फजिती सांगतों. पन्हाळा व विशाळगड हे दोन गड ७४ रेखांशाच्या दोन बाजूंस, म्हणजे दोन निरनिराळ्या पानांवर पडतात. मीं एक पान अमेरिकन प्रतींतील व दुसरें भारतीय प्रतींतील घेऊन जोडलें, तों मधोमध दक्षिणोत्तर एक सरळ कडा उभा राहिला, सुमारें साठ मीटर उंचीचा! पहिल्या क्षणीं एखादा अज्ञात भूविशेष गवसला असें वाटून मी हरखलोंही. खरा प्रकार असा कीं, अमेरिकन प्रत समुद्रसपाटीपासून उंची मोजते व भारतीय प्रत पृथ्वीच्या गणिती आकारापासून. या दोन पायांत आपल्या प्रांतीं साठ मीटरांहून अधिक अंतर आहे. म्हणूनच त्या प्रतींत कोंकणचा किनारा समुद्राच्या खालीं दिसतो. शिवशक व शालिवाहन शक यांतला भेद न जाणतां दोन शकावल्या जोडाव्या, तशी ही माझी चूक. ती कडा होऊन डोळ्यांपुढें उभी राहिली म्हणून सांपडली. दोन्ही गड एकाच पानावर येते तर कोणत्या पायावरून मोजतों आहों याचा विचारही मनांत आला नसता.

याहून गंभीर गोष्ट जलाशयांची. कोणताही उंचीनकाशा मोजणीच्या दिवशींची भूमि सांगतो, व रडार पाण्याच्या खालीं पाहत नाहीं. कोयनेचें धरण १०३ मीटर उंचीचें. त्याच्या मागें पसरलेला शिवसागर या प्रतींत एक सपाट पाटी आहे. वासोट्यास आज बामणोलीहून होडींतून जावें लागतें. प्रतिसृष्टींत वासोट्याच्या पायथ्याशीं उभा राहणारा प्रेक्षक या पाटीवर उभा असतो. सतराव्या शतकांतील वाट, गांवें व नदीचें पात्र त्याच्या पायांखालीं बुडालेलीं असतात. तेथून गडाची चढण मोजली तर ती खऱ्याहून कमी येणार, आणि खोऱ्यांतून कोणता डोंगर कोणास झांकतो याचें उत्तरही बदलणार. मोसे खोऱ्यांत वरसगांवचें धरण, लोहगड-तुंग-तिकोन्याच्या मध्यें पवनेचें, मुळशीस १९२१ च्या सत्याग्रहानें गाजलेलें: मावळांतील बारा खोऱ्यांचे वतनी कागद ज्यांच्या संग्रहीं आहेत त्यांस हें विशेष जाणवेल, कारण त्या कागदांतील शिवा, ओढे व पाणंदी ज्या गांवांच्या, त्यांपैकीं कित्येक गांवांस या नकाशांत जागाच उरलेली नाहीं. अलीकडील युरोपीय ‘कोपर्निकस’ प्रतींत तर जलाशय मुद्दाम सपाट करून व नद्या उताराच्या दिशेनें नीट लावून दिल्या आहेत. पुराच्या गणितास तें सोयीचें. आम्हांस मात्र तो शुद्ध केलेला पाठ होय.

संगणकांत भरतांना होणारे दोष थोडक्यांत सांगतों. उंची २५६ पायऱ्यांच्या राखी चित्रांत बसविली तर समुद्रापासून कळसूबाईच्या १६४६ मीटरांपर्यंत एकेक पायरी सुमारें साडेसहा मीटरांची होते, आणि सौम्य उतारांवर भाताचीं खाचरें उगवतात. अठराव्या अक्षांशावर पानाची दक्षिणोत्तर लांबी सुमारें ११०.७ किलोमीटर व पूर्वपश्चिम रुंदी १०५.९, तें चौरस समजून भरलें कीं सगळा मावळ आडवा ताणला जातो. देखाव्यास भव्यता यावी म्हणून उंची दीडपट करण्याची चाल तर सर्रास आहे. आणि खेळांच्या प्रणालींत पृथ्वी सपाट असते. पन्नास किलोमीटर अंतरावर पृथ्वीच्या गोलाईनें सुमारें १९६ मीटरांचा फरक पडतो, व प्रकाशाच्या वक्रीभवनाची वजावट करूनही तो १७० च्या आसपास उरतो. एका गडावरून दुसऱ्या गडावरचा जाळ दिसे कीं नाहीं, हा वाद अशा सपाट पृथ्वीवर कसा निकालांत निघावा?

उंचीवर पांघरलेल्या छायाचित्रांचा मोह सर्वांत मोठा, कारण तीं खरीं दिसतात. युरोपीय ‘सेंटिनल-२’ चीं दहा मीटरांचीं चित्रें २०१५ पासून मिळतात. पण ढग नसलेलें चित्रच उपयोगी पडतें, आणि सह्याद्रीवर निरभ्र आकाश हिंवाळ्यांत व उन्हाळ्यांत. १६६० च्या १२ जुलैस रात्रीं शिवाजीमहाराज पन्हाळ्यावरून निघाले ते भर पावसांत. तो मार्ग आज पडद्यावर दाखवितांना भूमि पिवळी, ओढे कोरडे व हवा स्वच्छ असते, आणि मग निवेदक इतक्या तासांत इतके कोस सहज शक्य किंवा सर्वथा अशक्य असें सांगून मोकळा होतो. चिखल, फुगलेले ओढे व अंधार हे त्या रात्रीचे खरे भूविशेष. ते कोणत्याच प्रतींत नाहींत. तीस मीटरांच्या चौकोनांत तट, दिंडी, चोरवाट किंवा पावठ्या मावत नाहींत, हेंही त्याच पदरांत जमा धरावें. शिडीवांचून चढतां न येणारा कडा या प्रतींत जरा तीव्र उतार होऊन बसतो.

यावर कोणी म्हणेल कीं मग हें साधन टाकावें काय? मुळींच नाहीं. डोंगररांगांची एकंदर ठेवण, घाटमाथा व कोंकण यांतील उंचीचा भेद, उंबरखिंडीसारख्या जागेचा कोंडवाडेपणा, हें समजण्यास इतकें सुलभ साधन पूर्वीं नव्हतें; १६६१ सालीं कारतलबखानाची फौज तेथें कां अडकली, हें आकृतीवरून क्षणांत ध्यानीं येतें. मात्र जो कोणी प्रतिसृष्टीच्या आधारें कागदाविरुद्ध विधान करील त्यानें कोणती प्रत व कोणती आवृत्ति वापरली, उंचीचा पाया कोणता, भरणीचे चौकोन कोठें आहेत, आणि उंची ताणली आहे काय, एवढें निबंधाच्या आरंभीं सांगावें. तें नसेल तर त्या विधानास मूळ न दाखविलेल्या नकलेहून अधिक किंमत देऊं नये.

बुडालेल्या खोऱ्यांपुरता उपाय आहे, व तो संग्राहकांच्या हातीं आहे. एक इंचास एक मैल या प्रमाणाचे, भारतीय सर्वेक्षण खात्याचे धरणांपूर्वींचे नकाशे कित्येक घरांत गुंडाळून पडले आहेत. त्यांवरील समोच्च रेषा गिरवून घेतल्या म्हणजे पाण्याखालची भूमि पुन्हां रचतां येते. मात्र ते एव्हरेस्टच्या मापावर आधारलेले असल्यानें उपग्रहाच्या मापावर सरकवून घ्यावे लागतात. त्यांच्या जोडीस अमेरिकेच्या ‘कोरोना’ उपग्रहांनीं १९६० ते १९७२ या काळांत हेरगिरीसाठीं घेतलेलीं व १९९५ सालीं खुलीं झालेलीं छायाचित्रें आहेत. वरसगांवच्या जलाशयापूर्वींचें मोसे खोरें त्यांत शोधण्यासारखें आहे. मुळशी मात्र त्याहूनही जुनी, तेथें कागदी नकाशाच हवा. पौड व मोसे खोऱ्यांचे आणि कोयनाकांठचे असे जुने नकाशे ज्यांच्याजवळ असतील त्यांनीं ते घडी न मोडतां, कडांवरील छापील वर्ष व अंक यांसह, प्रतिमा घेण्यापुरते उपलब्ध करून द्यावे.