फ्रेंच प्रवेशपुस्तकांतील मौजेचा पाठ : महाड-पोलादपूरच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने

परकीय भाषेच्या प्रवेशपुस्तकात फावल्या वेळाविषयीचा पाठ सर्वांत सोपा समजला जातो. विषय मुलांच्या आवडीचा, वाक्ये आखूड, क्रियापदे वर्तमानकाळी. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या नववीच्या ‘आंत्र झ्योन’ या फ्रेंच पाठ्यपुस्तकात ‘ले ल्वाझीर ए ले स्पोर’, म्हणजे फावला वेळ आणि खेळ, या नावाचा स्वतंत्र पाठ आहे. मुलांसाठी घेतल्या जाणाऱ्या ‘देल्फ प्रीम’ परीक्षेच्या पहिल्या पायरीवरही सुट्टी, खेळ आणि आवडीनिवडी हेच लेखनाचे नेहमीचे विषय असतात. आपल्याला काय करायला आवडते ते चार-सहा वाक्यांत लिहिणे, ही नवशिक्या विद्यार्थ्याची पहिली स्वतंत्र रचना होय.

पाठाचे हे महत्त्व लक्षात घेता त्याची मांडणी फार वरवरची असते, असे म्हटले पाहिजे. साधारणतः चित्रांखाली शब्दांची यादी, त्यानंतर क्रियापदाची रूपे आणि शेवटी ‘तुझे छंद लिही’ ही आज्ञा, एवढ्यावर पाठ आटोपतो. यादीत बर्फावरून घसरण्याचा खेळ, पोहण्याचा तलाव, पियानो, संग्रहालय आणि चित्रपट असतात. विद्यार्थी यादीतील शब्द उचलतो, नियमात बसवतो आणि शुद्ध वाक्य लिहितो. परंतु ते त्याच्या आयुष्याविषयी खरे असतेच असे नाही. शुद्धतेचे गुण मिळतात आणि खरेखोटे कोणी तपासत नाही. अशा रीतीने भाषा ही आपल्याला जे म्हणायचे आहे त्यासाठी नसून पुस्तकाला जे हवे आहे त्यासाठी असते, हा संस्कार पहिल्याच रचनेत होतो. प्रस्तुत लेखाचा आक्षेप या संस्कारावर आहे.

आक्षेपाची कसोटी म्हणून महाड आणि पोलादपूर या तालुक्यांतील विद्यार्थी समोर ठेवणे सोयीचे आहे. सावित्री नदी महाबळेश्वरी उगम पावून पोलादपूरवरून महाडास येते. मुंबई-गोवा महामार्ग या दोन्ही गावांवरून पुढे कशेडी घाटाकडे जातो. फ्रेंच अध्यापनाची परंपरा येथील नव्हे, ती मुख्यतः मुंबई-पुण्याची. पण या भागातील असंख्य कुटुंबे चाकरीनिमित्त मुंबईत वसलेली आहेत. त्यांची मुले मुंबईच्या शाळा-महाविद्यालयांत शिकतात आणि गणपतीला, शिमग्याला, मे महिन्यात गावी येतात. ‘सुट्टीत तू काय केलेस?’ हा प्रश्न फ्रेंचच्या वर्गात अशा मुलास विचारला जातो, तेव्हा त्याचे खरे उत्तर सावित्रीच्या खोऱ्यात असते. ते सांगण्यास त्याला कोणते व्याकरण लागेल, आणि पुस्तक ते त्याला केव्हा देते, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

प्रथम क्रियापदे पाहू. मराठीत खेळ ‘खेळतात’, वाद्य ‘वाजवतात’ आणि नदीत ‘पोहतात’. म्हणजे क्रियेचा भेद क्रियापदच दाखवते. फ्रेंचमध्ये खेळ आणि वाद्य या दोहोंस ‘झ्वे’ हे एकच क्रियापद चालते आणि भेद दाखवण्याचे काम शब्दयोगी अव्यय करते. खेळास ‘आ’, वाद्यास ‘द’. कबड्डी खेळणारा ‘झ झू ओ कबड्डी’ म्हणेल, ढोल वाजवणारा ‘झ झू दू तांबूर’ म्हणेल. इतर पुष्कळ उद्योगांना ‘फेर द’, म्हणजे अमुक ‘करणे’, ही रचना लागते. मराठी विद्यार्थी हे अव्यय गाळतो, कारण मराठीत ‘कबड्डी’ हे साधे कर्म आहे. ही चूक अज्ञानाची नव्हे. एका भाषेने क्रियापदावर टाकलेले ओझे दुसरीने अव्ययावर टाकले आहे, हे कोणी न सांगितल्याची आहे. हे एकदा सांगितले की यादी पाठ करण्याचे निम्मे श्रम वाचतात.

आवडीचे क्रियापद याहून बोधप्रद आहे. पुस्तके ‘एमे’ या क्रियापदाने आरंभ करतात, कारण ते नियमित आहे आणि इंग्रजीच्या रचनेशी जुळते. त्यात आवड असणारा माणूस कर्ता असतो. मराठीत ‘मला खेळ आवडतो, मला खेळ आवडतात’ असे म्हणतात. माणूस चतुर्थीत जातो आणि क्रियापद खेळाच्या वचनाप्रमाणे बदलते. फ्रेंचमध्ये नेमकी हीच रचना ‘प्लेर’ या क्रियापदाची आहे. ‘ल झ्यो म प्ले’, खेळ मला आवडतो; ‘ले झ्यो म प्लेझ’, खेळ मला आवडतात. ‘प्लेर’ हे क्रियापद अनियमित आहे आणि बोलण्यात ‘एमे’पेक्षा कमी येते, म्हणून ते ‘एमे’ची जागा घेऊ शकणार नाही. परंतु त्याची ही दोन रूपे मराठी मुलास पहिल्या महिन्यातच देता येतील. ती दिली जात नाहीत, कारण आपल्याकडील फ्रेंच बहुधा इंग्रजीच्या दारातून आत येते.

या दाराचे आणखी एक नुकसान उपपदांत दिसते. आवडीच्या वाक्यात फ्रेंचला निश्चित उपपद हवे, ‘झेम ला म्यूझिक’. इंग्रजीत अशा ठिकाणी उपपद येत नाही. त्यामुळे इंग्रजीवरून भाषांतर करणारा विद्यार्थी तेथे अडखळतो. नकारातही असाच गोंधळ होतो. ‘मी खेळ करीत नाही’ या अर्थी ‘झ न फे पा द स्पोर’ म्हणताना अंशवाचक उपपदाचे नुसते ‘द’ होते. ‘मला आवडत नाही’ म्हणताना मात्र निश्चित उपपद जसेच्या तसे राहते. मराठीत उपपदच नाही. म्हणून मराठी विद्यार्थ्याला ही व्यवस्था नव्याने शिकावी लागते. निदान तिच्या आड येणारी दुसरी सवय मराठीमुळे त्याला लागलेली नसते.

आता कर्त्याकडे वळू. मौजेचा पाठ जवळजवळ सर्वत्र ‘मी’चा असतो. छंद ही कल्पनाच एकट्याची आहे. महाडास महाशिवरात्रीच्या सुमारास विरेश्वराचा छबिना निघतो, शिमग्यात गावोगाव पालखी फिरते, गौरी-गणपतीत जाखडीचे फेर धरले जातात. या मौजेचा कर्ता एकटा ‘मी’ नसतो. तो गाव असतो. ‘पालखी नाचवतात’ या मराठी वाक्यात कर्ता बोललाही जात नाही. फ्रेंचमध्ये यासाठी ‘ऑं’ हे सर्वनाम सिद्ध आहे. ते ‘आपण’, ‘आम्ही’ आणि अनिर्दिष्ट ‘लोक’ या तिन्ही अर्थी चालते आणि क्रियापद एकवचनीच ठेवते. विद्यार्थ्याच्या दृष्टीने हे बहुवचनी रूपांपेक्षा सोपे आहे. तरीही ‘ऑं’ला पुस्तकात बोलीतील सोयीचे सर्वनाम म्हणून दुय्यम स्थान मिळते.

‘पालखी नाचवतात’ या वाक्यात दुसरीही एक गोष्ट आहे. ‘नाचवणे’ हे ‘नाचणे’चे प्रयोजक रूप. फ्रेंचमध्ये प्रयोजक अर्थ ‘फेर’ या क्रियापदापुढे दुसऱ्या क्रियापदाचे मूळ रूप ठेवून व्यक्त करतात, ‘ऑं फे दांसे ल पालांकॅं’. प्राथमिक अभ्यासक्रमात ही रचना फार उशिरा येते, कारण ती अवघड मानली जाते. ती अवघड कोणाला? ‘चालणे-चालवणे’, ‘उडणे-उडवणे’, ‘फिरणे-फिरवणे’ या जोड्या बोलण्यातून आत्मसात केलेल्या मुलाला प्रयोजकाची कल्पना समजावून देण्याची गरज नाही. त्याला केवळ फ्रेंच साधन दाखवायचे आहे. पतंग उडवणे आणि भोवरा फिरवणे या दोन्ही क्रीडा प्रयोजकाच्याच आहेत. म्हणजे मराठी मुलाच्या खेळाच्या शब्दसंग्रहात जी रचना पहिल्या रांगेत आहे, तिला पुस्तकाने शेवटच्या बाकावर बसवले आहे.

सुट्टीचे वर्णन करू लागताच भूतकाळ येतो. इंग्रजीचा साधा भूतकाळ ‘एकदा खेळलो’ आणि ‘नेहमी खेळायचो’ या दोन्ही अर्थांवर पांघरूण घालू शकतो; फ्रेंच त्यांसाठी ‘पासे कोंपोझे’ आणि ‘आंपारफे’ असे दोन वेगळे काळ वापरते. मराठीत ‘खेळलो’ आणि ‘खेळायचो’ किंवा ‘खेळत असे’ हा भेद स्पष्ट असून रीतिभूतकाळ या नावाने तो शालेय व्याकरणात शिकवलाही जातो. तसेच ‘मी गावी गेलो’ आणि ‘मी गावी गेले’ यांत बोलणाऱ्याचे लिंग क्रियापदावर उमटते. फ्रेंचमध्ये जाण्या-येण्याच्या क्रियापदांच्या पूर्णभूतात हाच मेळ लेखनात पाळावा लागतो.

सकर्मक क्रियापदांचे साम्य अधिक खोल आहे. ‘मी आंबा खाल्ला’, ‘मी कैरी खाल्ली’ या कर्मणि प्रयोगात क्रियापद कर्माचे लिंग घेते. फ्रेंचमध्येही कर्म क्रियापदाच्या आधी आले असता भूतकालवाचक धातुसाधित कर्माशी जुळवून लिहावे लागते. परीक्षार्थी ज्याला फ्रेंचचा लहरी नियम समजतात, त्याचे मूळ आणि मराठी प्रयोगाचे मूळ समांतर आहे. संस्कृतातील ‘त’प्रत्ययान्त धातुसाधितातून मराठी भूतकाळ आला आणि लॅटिनमधील तशाच कर्मवाचक धातुसाधितातून फ्रेंच पूर्णभूत आला. मोरो केशव दामले यांनी ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त (१९११) प्रयोगांचा जो ऊहापोह केला आहे, त्याच्या आधारे हा नियम मराठी विद्यार्थ्यास समजावता येईल. साम्य संपूर्ण नाही, हेही ध्यानात ठेवावे. मराठीत कर्माचे स्थान निर्णायक नसते, फ्रेंचमध्ये असते. मराठीत तीन लिंगे आहेत, फ्रेंचमध्ये दोन.

येथवरचे विवेचन व्याकरणाच्या क्रमाविषयी झाले. शब्दांच्या निवडीविषयीचा प्रश्न फ्रेंच अभ्यासकांनी स्वतःच पूर्वी उपस्थित केलेला आहे. जॉर्झ गूगेनेम आणि त्यांचे सहकारी यांनी १९५०च्या दशकात ‘मूलभूत फ्रेंच’ची शब्दसंपदा ठरवण्यासाठी २७५ व्यक्तींची संभाषणे ध्वनिमुद्रित करून सुमारे ३,१२,००० शब्दप्रयोग मोजले. त्यातून असे दिसले की, कित्येक नित्याचे शब्द संभाषणात क्वचितच येतात, पण विषय निघताच मनात तत्काळ उभे राहतात. अशा शब्दांना त्यांनी ‘उपलब्ध’ शब्द म्हटले. ते शोधण्यासाठी त्यांनी शाळकरी मुलांना १६ विषय देऊन प्रत्येकाविषयीचे सर्वांत उपयुक्त वाटणारे शब्द लिहावयास सांगितले. त्या १६ विषयांत ‘खेळ आणि करमणूक’ हा एक होता.

ही पद्धत मोलाची आहे. तिच्या फळाचा वापर मात्र चुकीचा झाला. फ्रान्समधील मुलांना कोणते शब्द उपलब्ध आहेत, याचे उत्तर जगभरच्या मुलांसाठी यादी म्हणून वापरले गेले. पद्धतीचा आशय असा होता की, मुलाला विचारावे. पोलादपूरच्या मुलाला विचारले तर विटीदांडू, आट्यापाट्या, नदीतील डुंबणे, करवंदे, पहिल्या पावसातील चिंबोऱ्या हे शब्द पुढे येतील. त्यांतील काहींना फ्रेंच प्रतिशब्द आहेत, काहींना नाहीत. जेथे नाहीत तेथे ‘कबड्डी’प्रमाणे मूळ शब्द फ्रेंच उपपदासह ठेवून एका वाक्याने त्याचा अर्थ सांगावा. हे स्पष्टीकरण लिहिणे हाच उत्तम व्याकरणाभ्यास ठरेल, कारण त्यात संबंधी सर्वनामे आणि ‘ऑं’ दोन्ही अटळपणे येतात.

चिंबोऱ्यांचे उदाहरण आणखी एका अडचणीकडे लक्ष वेधते. पुस्तकात काम एका पानावर आणि फावला वेळ दुसऱ्या पानावर असतो. चिंबोऱ्या पकडणारा मुलगा मौज करतो आणि रात्रीचे कालवणही आणतो. गुरांमागे जाणारी मुलगी काम करते आणि करवंदेही खाते. ‘ल्वाझीर’ या शब्दाचा उगम येथे उद्बोधक आहे. तो लॅटिन ‘लिकेरे’ या क्रियापदापासून आला आणि त्याचा अर्थ ‘परवानगी असणे’ असा आहे. फावला वेळ म्हणजे मुळात ज्याची मुभा आहे ते.

ही मुभा कोणाला, हा प्रश्न महाडमध्ये केवळ व्युत्पत्तीचा राहत नाही. मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला, महाड नगरपालिकेने १९२४ साली तो चवदार तळ्यास लागू केला, आणि तरीही अस्पृश्य मानलेल्यांना ते पाणी मिळाले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी सहकाऱ्यांसह त्या तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतरचा दावा उच्च न्यायालयात १९३७ साली निकालात निघाला. ज्या गावात पाण्याला स्पर्श करण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, तेथे ‘तू तळ्यावर पोहायला जातोस का?’ हे पुस्तकी वाक्य निरागस उरत नाही. ‘करतो’ याच्या जोडीला ‘करू शकतो’ आणि ‘करण्याचा हक्क आहे’ या रचनाही मौजेच्याच पाठात का आल्या पाहिजेत, याचे उत्तर येथे मिळते.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, परकीय भाषा परकीय जीवन कळण्यासाठी शिकायची. गावच्या गोष्टी मराठीत सांगता येतातच. हा आक्षेप अर्धा खरा आहे. फ्रेंच मुलाची सुट्टी विद्यार्थ्याने अवश्य वाचावी. परंतु वाचलेल्याची तुलना ज्या अनुभवाशी करायची तो फ्रेंचमध्ये मांडताच आला नाही, तर तुलना होत नाही, नक्कल होते. दुसरा आक्षेप परीक्षेचा. महाराष्ट्रात अकरावी-बारावीला फ्रेंच अनेकदा गुणांसाठी घेतली जाते आणि ठराविक उत्तर सुरक्षित असते. पण येथे सुचवलेली प्रत्येक रचना फ्रेंचच्या प्रस्थापित व्याकरणातीलच आहे. बदल मागितला आहे तो क्रमात आणि उदाहरणांत.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक स्तरावर परकीय भाषांच्या पर्यायांत फ्रेंचचा समावेश आहे. हा पर्याय महानगरांबाहेर जावयाचा असेल, तर मराठीतून फ्रेंच शिकवणारे प्रवेशपुस्तक लागेल. नुसत्या भाषांतराने ते साधणार नाही. ‘आवडते’पासून ‘म प्ले’कडे, ‘नाचवतात’पासून ‘ऑं फे दांसे’कडे, ‘खेळायचो’पासून ‘आंपारफे’कडे जाणारे ते पुस्तक असावे. त्यातील मौजेच्या पाठाची परीक्षा सोपी आहे : सुट्टीवरून परतलेल्या मुलाने लिहिलेली सहा वाक्ये शुद्ध आहेत की नाहीत हे शिक्षकाने पाहावे, आणि ती खरी आहेत की नाहीत हेही विचारावे.