हडळ आणि लुसी

ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’ (१८९७) या कादंबरीत मृत लुसी थडग्यातून उठते, ती लहान मुलांच्या रक्तासाठी. छातीशी धरलेले मूल ती जमिनीवर भिरकावते आणि वाग्दत्त वराला बाहू पसरून साद घालते. वात्सल्य लोपून वासना उरली की स्त्री राक्षसी ठरते, हे स्टोकरचे गृहीतक.

विट्याकडील वाचकाला येथे हडळ आठवेल. पण लोकसमजुतीतील हडळ म्हणजे गरोदरपणी वा बाळंतपणात दगावलेली स्त्री. लुसी मातृत्व झिडकारते; हडळीचे ते मृत्यूने हिरावलेले असते. जिला वेळेवर सुईण वा औषध मिळाले नाही, तिचेच भय घरच्यांनी बाळगावे! आपल्या भयकथांत तिची उलटी पावले पुष्कळ दिसतात, तिचे दुःख क्वचितच.

स्टोकर येथे थोडा पुढे जातो. एक जण प्रार्थनाग्रंथ वाचत असताना लुसीच्या हृदयात तिचा वाग्दत्त वरच खुंटा ठोकतो. तिच्यासाठी रदबदली करणारे कोणी नसते. पुढे मिना मात्र प्रत्यक्ष ड्रॅक्युलाविषयीही करुणा बाळगा, असे त्याच पुरुषांना विनवते. हडळीसाठी असा शब्द टाकणारी मिना मराठी कथेत मला अद्याप भेटलेली नाही.